वाटेचे ऋण

कर्जतहून बोरघाट चढणाऱ्या लोहमार्गावर पळसदरीच्या पुढे ठाकुरवाडी हे छोटे स्थानक आहे. उपनगरी लोकल पळसदरीहून खोपोलीला वळते. घाटात ती येत नाही. ठाकुरवाडीला उतरणाऱ्या गाड्या मुख्यतः ब्रेकच्या तपासणीसाठी थांबतात. चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिने जोडतात, कारण चढ 37 फुटांस 1 फूट इतका तीव्र आहे.

कर्जत–खोपोली मार्ग 1856 मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी घाटाचे काम हाती घेतले गेले आणि 1863 मध्ये ते पूर्ण झाले. पटकी, ताप आणि अपघात यांत हजारो मजूर मेले. त्यांतील बहुतेकांची नावे कुठेही कोरलेली नाहीत.

येथे धर्मविचारातला एक प्रश्न उभा राहतो: अनामिकांचे ऋण कसे फेडावे? वैदिक परंपरा देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणे सांगते. शतपथ ब्राह्मण त्यांत मनुष्यऋणाची भर घालते आणि अतिथीला अन्न व आसरा देणे ही त्याची फेड मानते. लोकधर्माने वेगळी वाट काढली. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर शिंगरोबा मारला गेला, अशी आख्यायिका आहे. जुन्या महामार्गावरील त्याच्या देवळापाशी वाहनचालक आजही नाणे वाहतात.

मात्र नाण्याने स्मरण होते, फेड होत नाही. मेलेल्यांना काही परत देता येत नाही, म्हणून मनुष्यऋण जिवंतांकडेच वळते: रूळ तपासणाऱ्या गँगमनची सुरक्षितता जपणे हीच त्याची खरी फेड.