सब्र आणि तक्रार

घरात मयत झाली की आपल्याकडे पहिला शब्द येतो तो सब्राचा. वडीलधारी माणसे म्हणतात, अल्लाहची मर्जी. ते खरेच असते. पण मृत्यू दवाखान्यात झाला असेल, बोलावूनही वेळेवर कुणी आले नसेल, नातेवाइकाला खेकसून परत पाठवले असेल, तर तेही याच शब्दाखाली गाडले जाते. कुणी तक्रारीची गोष्ट काढली तर घरातलेच विचारतात, त्याने माणूस परत येणार आहे का?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. सब्र मौतीवर करायचा असतो, दुसऱ्याच्या हलगर्जीपणावर नव्हे. कुरआनच्या अठ्ठावन्नाव्या सूरेला नावच मिळाले आहे ते हुज्जत घालणाऱ्या एका स्त्रीवरून. हजरत खौला यांच्या नवऱ्याने त्यांना जुन्या रिवाजाप्रमाणे आईसमान ठरवून टाकून दिले, तेव्हा त्या घरात रडत बसल्या नाहीत. थेट पैगंबरांपुढे गेल्या आणि आपले म्हणणे लावून धरले. त्यांचे गाऱ्हाणे ऐकले गेले आणि तो रिवाज मोडला. सूरह निसामध्येही वाईट गोष्टीची उघड वाच्यता नापसंत केली आहे, पण ज्याच्यावर जुलूम झाला त्याला त्यातून वगळले आहे. आपल्या वाझांतून सब्राविषयी जितके ऐकू येते, तितके या सवलतीविषयी येत नाही.

भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयाची आठवण यासाठीच काढावी लागते. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. आत १७ बालके होती. सातांना वाचवता आले, दहा दगावली. त्यांतली बरीचशी धुराने गुदमरून गेली. खेड्यापाड्यांतल्या गरीब घरांतली ही मुले. अशा कक्षात आईला दूध पाजण्यापुरतेच जाता येते. एरवी दाराच्या आत काय चालले आहे हे तिला दिसत नाही. मग ती तक्रार कशाची करणार? तिने पाहिलेच काय?

तक्रारीचा रस्ताही सरळ नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. पण जिथे सर्वांना मोफत उपचार मिळतात ती रुग्णालये बाहेर ठेवली. नोंदणीचे किरकोळ पैसे भरल्याने त्यात फरक पडत नाही. म्हणजे नागपूरच्या खाजगी इस्पितळात बिल भरणारा ग्राहक, आणि जिल्ह्याच्या सरकारी वॉर्डातली बिडी वळणारी बाई लाभार्थी. तिला जिल्हा शल्य चिकित्सकांकडे अर्ज देता येतो, मानवी हक्क आयोगाकडे जाता येते, वैद्यक परिषदेकडेही. पण पुढच्या बाळंतपणाला याच पायऱ्या चढायच्या आहेत, हे तिला पक्के ठाऊक असते. कशाला वैर घ्यायचे? ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही.

आगीनंतर कारवाई झाली. जिल्हा शल्य चिकित्सक निलंबित झाले, कंत्राटी कर्मचाऱ्यांची सेवा संपवली गेली. फेब्रुवारीत पोलिसांनी दोन परिचारिकांवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला. आग विझवण्याच्या यंत्रणेचा प्रस्ताव आधीपासून मंजुरीसाठी पडून होता, अशा बातम्या त्याच दिवसांत छापून आल्या. कागद अडवणाऱ्या टेबलाला चेहरा नसतो. परिचारिकेला असतो, आणि ड्युटीच्या यादीत तिचे नाव असते. जागेवर नसणे हा कसूर आहेच. रात्रपाळी ही अमानत आहे, त्यात सवलत मागता येत नाही. तरीही तक्रार तिच्यापाशी येऊन थांबली, तर ती अर्धीच राहिली असे मला वाटते.

दुसरेही एक आहे. बंद दाराआड काय घडले याचा साक्षीदार बहुतेक वेळा कर्मचारीच असतो. यंत्र आठ दिवसांपासून गरम होते, पाळीवर माणूस कमी होता, अमुक डॉक्टर आलेच नाहीत, हे तीच सांगू शकते. न्यायासाठी साक्ष द्या, मग ती स्वतःविरुद्ध, आईबापांविरुद्ध किंवा जवळच्या नातलगांविरुद्ध का जाईना, असा हुकूम आपल्याला आहे. तिथे सहकाऱ्याची काय कथा. पण बोलली की तीच अडकणार असेल, तर ती साक्ष द्यायला कुठून येणार? एका परिचारिकेला बळी देऊन मोकळे होणारे खाते बाकीच्या शंभर जणींना गप्प राहायला शिकवते. मग आईने लिहिलेल्या अर्जाला आतून दुजोरा देणारे कुणी उरत नाही.

म्हणून अर्ज लिहिताना राग बाजूला ठेवावा लागतो. तोच तर अवघड. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या वॉर्डात, कुणाला हाक मारली, काय उत्तर मिळाले, एवढेच. डोळ्यांनी पाहिले ते वेगळे, कुणाकडून ऐकले ते वेगळे. माणूस कमी होता का, यंत्र बंद होते का, हेही त्यातच विचारावे. आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्यावा. खिडकीमागचा कारकून म्हणेल, ठेवून जा. ठेवून जाऊ नये.