दुष्काळाचा पंचनामा आणि बाईचं शरीर

पावसानं दगा दिला की महसूल खात्याचे कागद हलू लागतात. आणेवारी निघते, टँकरच्या खेपा मोजल्या जातात, चारा छावणीतल्या जनावरांच्या याद्या होतात. या सगळ्या कागदांत एक रकाना मात्र कधीच नसतो. दुष्काळ माणसाच्या शरीरात किती उतरला, हे नोंदवायला जागाच नाही. बीड जिल्ह्याकडे पाहताना ही उणीव मला फार बोचते.

बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार ही गावं पर्जन्यछायेतली. जमीन हलकी, विहिरी उन्हाळ्याआधीच तळ गाठणाऱ्या. खरिपाचं एखादं पीक निघालं तर निघालं. म्हणून दिवाळीच्या आगेमागे इथली घरं कुलपात जातात आणि माणसं कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे, कर्नाटकाकडे ऊस तोडायला निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशोब जोडीचा, उचल बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. बाईच्या नावावर वेगळं काहीच लागत नाही, ना मजुरी ना आजार.

आता या ऊसतोडीकडे पाण्याच्या बाजूनं पाहा. राज्यातल्या लागवडीच्या जमिनीपैकी उसाखाली आहे ती साधारण चार टक्के; पण सिंचनाच्या पाण्यातला निम्म्याहून कितीतरी मोठा वाटा हे एकटं पीक पितं. खुद्द मराठवाड्यातही तेच चाललं आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून लातूरची तहान भागवावी लागली, आणि त्याच लातूर जिल्ह्यात साखर कारखाने उभे आहेत. ज्याच्या शिवारात पाणी नाही, त्यानं जायचं आणि ज्याच्या शिवारात पाणी आहे त्याचा ऊस तोडायचा. याला निसर्गाची अवकृपा म्हणणं मला पटत नाही. पाऊस निसर्ग पाडतो. पडलेलं पाणी कुणाकडे वळवायचं, हे माणसं ठरवतात.

फडावरचा दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या. गाडी रात्री आली तर रात्री भरायची. राहायला पाचटाची नाहीतर ताडपत्रीची कोपी. न्हाणी नाही, संडास नाही, प्यायला आणि धुवायला मिळेल ते पाणी. पाळीच्या दिवसांत कापड बदलायला आडोसा सापडत नाही, धुतलेलं कापड उन्हात वाळत घालता येत नाही. मग जंतुसंसर्ग होतो, अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट आणि कंबर दुखत राहते. यातल्या पुष्कळ तक्रारी साध्या औषधांनी आणि चार दिवसांच्या विश्रांतीनं बऱ्या होणाऱ्या. पण काम बुडालं की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीवर चढतात. दुखणं अंगावर काढता काढता बाई गावाकडच्या खाजगी दवाखान्यात पोचते. तिथं कर्करोगाची भीती घातली जाते आणि गर्भपिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. लेकरं झालेली असतात, ऑपरेशननंतर पाळीचा त्रास नाही, खाडा नाही. चाळिशीही न गाठलेली बाई हो म्हणते.

ही गोष्ट जून 2019 मध्ये विधिमंडळात पोचली. बीड जिल्ह्यातल्या 99 खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत अशा 4,605 शस्त्रक्रिया झाल्याचं सरकारनंच सांगितलं. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा जणींत एक. देशभरात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास असतं. तुलना ढोबळ आहे, पण दुर्लक्ष करता येईल इतकी ती ढोबळ नाही.

चर्चेचा सगळा रोख तेव्हा डॉक्टरांवर राहिला. गरज नसताना कापणाऱ्यावर कारवाई व्हायलाच हवी. तरी तेवढ्यावर थांबलो, तर बाई दवाखान्याच्या पायरीपर्यंत का आली हा प्रश्न तसाच उरतो. शिवाय ऑपरेशननं तिची सुटकाही होत नाही. बीजकोशही काढले गेले असतील तर रजोनिवृत्ती ताबडतोब येते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. आणि मोळी मात्र तेवढ्याच वजनाची असते.

ऊसतोडीनं शरीर मोडणं ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वाडोरमधल्या ऊसतोड्यांची तरुणपणीच मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. रणरणत्या उन्हातले कष्ट आणि शरीरातलं घटणारं पाणी यांच्याशी त्याचा संबंध दिसू लागला. 2013 मध्ये तिथल्या देशांच्या आरोग्यमंत्र्यांनी तो सार्वजनिक आरोग्याचा गंभीर प्रश्न असल्याचं एकत्रितपणे जाहीर केलं. पुढे काही मळ्यांवर पाणी, विश्रांती आणि सावली हा कामाच्या नियमांचा भाग झाला. आपल्याकडे गर्भपिशवीचं दुखणं हा अजूनही त्या बाईचा खाजगी मामला समजला जातो. मला तो दुष्काळाचा, पाणीवाटपाचा आणि साखर धंद्याचा मिळून झालेला आजार वाटतो, आणि त्याची जबाबदारीही त्याच क्रमानं लागली पाहिजे.

साखर धंद्यावर ती लावायला एक मार्ग आहेच. हंगाम सुरू करण्याआधी प्रत्येक कारखान्याला साखर आयुक्तालयाकडून गाळप परवाना घ्यावा लागतो. शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे उसाचा ठरलेला रास्त दर, थकवली तर हा परवाना अडवला जातो. तोडणी कामगारांच्या तळावर पिण्याचं पाणी, संडास आणि न्हाणी नसेल, बाईच्या आजारपणाचा खाडा उचलीवर चढत असेल, तरीही परवाना अडवला गेला पाहिजे.