रथ, चासी आणि नाव

ब्रिटनमधले हौशी कारागीर जुन्या लँड रोव्हरची ॲल्युमिनियमची बॉडी उतरवून रेंज रोव्हरच्या चासीवर चढवतात. जुन्या रेंज रोव्हरच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर १०० इंच, छोट्या लँड रोव्हरचं ८८. म्हणून चासी १२ इंच कापून पुन्हा जोडायची. पाटे जातात, कॉइल स्प्रिंगा येतात. हाडं खिळखिळी करणारी गाडी मऊ धावू लागते.

पण मग ती कोणती गाडी?

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला हेच विचारतात. आस म्हणजे रथ का? चाकं? जू? की या सगळ्यांहून वेगळं काही? प्रत्येक वेळी राजा नाही म्हणतो. रथ हे भागांच्या आधाराने चालणारं नाव ठरतं, माणसाचंही तसंच.

ब्रिटिश नोंदणी खात्याने अनेक वर्षं गाडीत उरलेल्या मूळ भागांचे गुण मोजले. जुना क्रमांक टिकवायला किमान ८ लागत; मूळ चासीला ५, इंजिनाला अवघा १. कापलेल्या चासीचे ५ मात्र जात. ती कडक शिस्त रास्तच होती, कारण कापून जोडलेल्या सांध्यावर जीव विसंबून असतात. तरी दारावरचा जुना पोचा ओळखीने चाचपणारा मालकही खोटा नाही. नागसेनांनी त्याचं ‘माझी’ काढून घेतलं नसतं. त्यातलं ‘मी’ तेवढं उलगडून दाखवलं असतं.