कृपेने बोलावलेली मंडळी

जबलपूरच्या गोरखपुरात रविवारी सकाळी निघालेल्या मराठी विश्वासणाऱ्याला विचारा, कुठे चाललात? तो म्हणेल, "चर्चला." मराठी पवित्र शास्त्रातला शब्द मात्र 'मंडळी' आहे. "मंडळी जेवायला बसली" असे आपण घरी म्हणतो, तीच ही.

"माझे जीवन अजून सुधारले नाही, कोणत्या तोंडाने जाऊ?" असे म्हणून तुम्ही घरी राहता काय? तारण कर्मांनी मिळत नाही, ते देवाचे दान आहे, असे पौल इफिसकरांस लिहितो. मग थांबता कशासाठी?

करिंथ येथे लोक प्रभुभोजनाला जमत, पण काही जण आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. पौल त्यांना कडक शब्दांत सांगतो, एकमेकांसाठी थांबा. (गीते कशी झाली, हे तो तेथे विचारतही नाही!) ज्याला फुकट मिळाले, त्याने भावाला उपाशी ठेवून कसली उपासना करावी?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्तभक्त त्यांना तेथे हवे होते.

येत्या रविवारी या. शेवटच्या बाकावर कोणी एकटे असेल, तर त्यांच्याजवळ बसा.