कडक इस्त्रीचा भरवसा

एप्रिल-मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास जळगावच्या नवी पेठेत उभे राहून पाहावे. पारा 44-45 च्या घरात असतो, दुकानांची शटर अर्ध्यावर ओढलेली असतात आणि रस्त्यावरच्या माणसांचे डोके-तोंड रुमालात गुंडाळलेले असते. अशा उन्हात विशी-बाविशीचा एक तरुण मोटारसायकलवरून उतरतो. हेल्मेट काढतो, खिशातून टाय काढतो आणि गाडीच्या आरशात पाहून गळ्यात अडकवतो. हा टाय गाठ मारायचा नसतो, चेन ओढली की तयार गाठ वर सरकते. शर्ट इन केलेला, पाठ घामाने चिकटलेली, काळ्या बुटांवर एरंडोलच्या रस्त्याची धूळ. दुकानाच्या पायरीशी तो बुटांची टोके पँटच्या पोटरीला घासतो आणि विम्याची नाहीतर कर्जाची फाइल घेऊन आत शिरतो. आत ज्याच्याकडे खरोखर पैसा आहे तो शेठ बंडी घालून पंख्याखाली बसलेला असतो. ज्याच्याकडे नाही तो टाय लावून त्याच्यासमोर उभा असतो.

कंपनीने या पोराला प्रशिक्षणात सांगितलेले असते की फॉर्मल्समध्ये गेलात तर गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. हे खरे आहे का? आणि खरे असेल तर ते चांगले आहे का? खानदेशात हा प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नाही. इथल्या हजारो घरांनी चुकीच्या जागी विश्वास टाकल्याची किंमत मोजलेली आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. पोशाखाचा परिणाम होतो, आणि चांगलाच होतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनर्ड बिकमन यांनी 1971 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. न्यूयॉर्कमध्ये सार्वजनिक टेलिफोनच्या खोक्यात मुद्दाम नाणे विसरायचे, पुढच्या माणसाने ते उचलले की परत जाऊन विचारायचे, ‘माझे नाणे इथे राहिले होते, मिळाले का?’ विचारणारा नीटनेटक्या, प्रतिष्ठित कपड्यांत असेल तर 77 टक्के लोकांनी नाणे परत केले. तो गरिबाच्या वेशात असेल तर फक्त 38 टक्क्यांनी. त्याआधी 1955 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात दिसले होते की सिग्नल तोडून रस्ता ओलांडणारा माणूस सुटाबुटात असला की त्याच्यामागे नियम मोडणारे वाढतात. सूट पुढे गेला की डोळे झाकून मागे जाणे ही काही फक्त आपली खोड नाही.

मात्र या अभ्यासांतून एक गोष्ट सिद्ध होत नाही, आणि ती सोयीस्करपणे विसरली जाते. प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी 2020 मध्ये दाखवले की जरा श्रीमंती वाटणाऱ्या कपड्यांत तोच चेहरा लोकांना अधिक कर्तबगार वाटतो. कपड्यांकडे दुर्लक्ष करा असे बजावले, अचूक अंदाजाला बक्षीस लावले, तरी हा ग्रह हटत नाही. इथे मोजली गेली ती कर्तबगारी. पोशाख सांगतो तो ऐपतीबद्दल. नियतीबद्दल तो काहीच सांगत नाही, पण आपण ऐपत पाहतो आणि नियत गृहीत धरतो. घोटाळा होतो तो या दोहोंच्या मधल्या फटीत.

खानदेशाने नियतीचा पोशाखही पाहिलेला आहे. डिसेंबर 1936 मध्ये फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूंसारख्या गावच्या साहित्यातून नगर सजवले, खादी-ग्रामोद्योगाचे प्रदर्शन भरले. त्या काळात पूर्व खानदेशात खादीची टोपी घातलेल्या माणसावर लोक विश्वास ठेवत, आणि तो विश्वास आंधळा नव्हता. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधले शिक्षक साने गुरुजी 1930 मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी 21 फेब्रुवारी ते 19 जून असे अठरा रविवार गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींनी उतरवून घेतली. त्या दिवसांत खादी घालणे म्हणजे नोकरी, जमीन, शरीर पणाला लावणे. ज्याची ती तयारी नाही त्याला तो कपडा परवडत नव्हता. म्हणूनच तो पुरावा ठरत होता.

स्वातंत्र्यानंतर तोच पांढरा कपडा घालायला काही मोजावे लागेना, उलट घालणाऱ्याला मिळू लागले. आज धुळे-जळगावात कुठल्याही पक्षाच्या कार्यालयासमोर पाहा, कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र लिनन हा गणवेश झाला आहे. त्यातला प्रत्येक माणूस लबाड आहे असे मुळीच नाही. फक्त त्या पांढऱ्या रंगावरून आता कोणाबद्दलच काही कळत नाही. जळगावच्या घरकुल योजनेतील गैरव्यवहाराबद्दल 2006 मध्ये महापालिकेच्या तत्कालीन आयुक्तांनी फिर्याद दिली आणि 31 ऑगस्ट 2019 रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने माजी मंत्र्यांसह 48 जणांना दोषी ठरवले. पुढे अपिले झाली, तो भाग वेगळा. सांगायचे ते इतकेच की झोपडपट्टीतल्या माणसाला घर मिळाले की नाही, हे ठरावांच्या आणि सह्यांच्या कागदांतून उलगडले. ज्या निवडणुकांतून ती माणसे निवडून आली, तिथे हे कागद कोणी मागितले नव्हते.

यावर एक सरळ आक्षेप येतो. कपडे नकोत तर मग काय पाहावे? खानदेशाचे जुने उत्तर तयार आहे. एस.टी.त शेजारी बसलेला म्हातारा तुमच्या बुटांकडे पाहत नाही, अहिराणीत विचारतो, ‘कोना पोऱ्या शे तू?’ गाव कळले, बापाचे नाव कळले, एखादा पाव्हणा जुळला की व्यवहार पुढे सरकतो. रावेर-सावद्याच्या पट्ट्यात केळीची कापणी होऊन माल ट्रकमध्ये चढतो आणि पैसे नंतर येतात, तो भरवसा कित्येकदा अशाच ओळखीवर उभा असतो. या पद्धतीत पडताळणी आहे, कारण फसवले तर गावात तोंड दाखवता येत नाही. पण परगावचा व्यापारी ट्रक भरून नेतो आणि फोन बंद करतो, तेव्हा ती कोलमडते. त्याहून मोठा दोष हा की ‘कोना पोऱ्या’ या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या विरोधात जाते, त्याला दारच बंद होते.

म्हणूनच सुटाबुटाची टवाळी करताना जपून बोलले पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1937 च्या जुलैअखेरीस एका खटल्यासाठी धुळ्याला आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. आजही दरवर्षी 31 जुलैला तिथे लोक मोठ्या संख्येने जमतात. ज्या समाजाला चांगला कपडा घातला म्हणून मार खावा लागत असे, त्या समाजातल्या बॅरिस्टराने सूट घालून धुळ्याच्या न्यायालयात उभे राहणे ही त्या काळात केवढी गोष्ट असेल! त्या सुटामागे पदव्या होत्या, सनद होती, आणि तो घालण्यासाठी मोजलेली किंमत होती. जन्म बदलता येत नाही, कपडा मिळवता येतो. नवी पेठेत टाय लावणाऱ्या पोराच्या मनातही याचाच एक अंश असतो. त्याच्या आडनावाला जी खुर्ची मिळाली नसती, ती टायला मिळेल असे त्याला वाटते, आणि बऱ्याचदा ते खरे निघते.

याच नाण्याची दुसरी बाजू बँकेच्या काउंटरवर दिसते. पीककर्जाच्या रांगेत पायजमा-टोपीतल्या शेतकऱ्याला ‘ओ बाबा, मागे व्हा’ ऐकावे लागते. तोच माणूस सफारी घालून आला तर ‘या साहेब, बसा’. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारी पावरा आदिवासी बाई कागद बरोबर घेऊन आली तरी तिला आधी संशयाने पाहिले जाते. चांगल्या कपड्यांवर फुकट विश्वास टाकणारी नजरच साध्या कपड्यांवर फुकट अविश्वासही टाकते. फसवणुकीची बातमी होते, या रोजच्या अपमानाची होत नाही.

मग ओळख नको आणि पोशाख नको, तर मधली वाट कुठली? ती जळगावच्याच सराफ बाजारात सापडते. कापसाचे पैसे हाती आले की दिवाळीच्या तोंडावर खेड्यातून कुटुंबे येतात. बाई पदराच्या गाठीतून किंवा रुमालातून जुन्या पाटल्या काढते. पूर्वी सराफ त्या कसोटीच्या दगडावर घासून पाही, आता यंत्रात ठेवतो. मग तराजू, घट, मजुरी, मोडीचा भाव. काउंटरवरच्या मुलाने कोट घातला आहे का, हे ती बाई पाहत नाही, तिची नजर तराजूच्या आकड्यावर असते. राजमल लखीचंद किंवा आर. सी. बाफना ही नावे ज्या बाजारातून महाराष्ट्रभर गेली, त्या बाजाराला सुवर्णनगरी ही ख्याती मिळाली ती सोन्याच्या शुद्धतेवर. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी सक्तीचा आहे. बीआयएस केअर ॲपवर तो टाकला की दागिना कोणी नोंदवला आणि शुद्धता किती, हे खेड्यातल्या कोणालाही दिसते. खोटा ठरला तर परवाना जातो. ज्या खुणेला खोटेपणाची शिक्षा आहे, तीच खूण भरवशाची.

वकिलाचा काळा कोटही याच जातीचा. बार कौन्सिलच्या नियमानुसार उच्च आणि सर्वोच्च न्यायालय सोडून इतरत्र उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. मे महिन्यात धुळ्याच्या जिल्हा न्यायालयात कोटाविना उभ्या राहिलेल्या वकिलावरचा पक्षकाराचा विश्वास काही कमी होत नाही. विश्वास कोटावर नव्हताच. तो सनदेवर होता, आणि सनद रद्द होऊ शकते.

आता पतसंस्थांकडे येऊ. पोशाख फक्त माणसांना नसतो, संस्थांनाही असतो. काचेची केबिन, एसी, गळ्यात ओळखपत्र लटकवलेला मॅनेजर, टोकन यंत्र, भिंतीवर संस्थापकांचा मोठा फोटो. सगळे बँकेसारखे. पण पतसंस्था बँक नसते. नावात ‘बँक’ शब्द लावायला तिला परवानगी नाही, आणि बँकेतल्या 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला जे विमा संरक्षण आहे, ते पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. हे किती ठेवीदारांना ठाऊक होते? जळगाव मुख्यालय असलेल्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट, म्हणजे बीएचआर या सोसायटीच्या संचालकांना 2015 मध्ये अटक झाली, संस्थेवर अवसायक नेमला गेला. नोव्हेंबर 2020 मध्ये पुणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने पुन्हा जळगावात छापे घातले. अडलेल्या ठेवीदारांच्या पावत्या कवडीमोलाने घेऊन त्या कर्जफेडीत वळत्या केल्याचा आरोप झाला. गुन्हा कोणाचा आणि किती, ते न्यायालय ठरवेल. निवृत्त शिक्षकाच्या, विधवेच्या, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशाचे काय झाले, ते मात्र गावोगाव ठाऊक आहे.

अशा वेळी पतसंस्था कुठलीही असो, लोकांनी जाब विचारला तो पिग्मी एजंटाला. रोज संध्याकाळी सायकलवर येऊन शंभर-पन्नास रुपये नेणारा, घामाने मळलेल्या कॉलरचा तो माणूस गल्लीत राहणारा होता, म्हणून सापडला. टायवाले केव्हाच पांगले होते.

आता तर कपडा पडद्यावर येतो. ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणून व्हिडिओ कॉलवर पोलिसी गणवेश, मागे अशोकस्तंभ, कधी काळ्या झग्यातला न्यायाधीश. 2024 मध्ये लुधियानाच्या एका नामवंत कापड उद्योगसमूहाच्या प्रमुखांना खोट्या सर्वोच्च न्यायालयापुढे हजर करून 7 कोटी रुपये उकळले गेले. ज्याचे आयुष्य कापड विणण्यात गेले त्यालाही कपड्याने फसवले, तर सावदा-शिंदखेड्याच्या निवृत्त माणसाचे काय? भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकारच नाही, ही एक ओळ ठाऊक असती तर तो गणवेश क्षणात गळून पडला असता.

तेव्हा चांगले कपडे घालू नयेत, असे माझे म्हणणे नाही. नीटनेटके राहणे हा समोरच्याचा मान राखण्याचा भाग आहे, आणि ज्याला पिढ्यान्‌पिढ्या तो मान नाकारला गेला त्याचा तो हक्कही आहे. ती सभ्यता आहे, तारण नव्हे. दिवाळी असते बोनसची, कापसाच्या पट्टीची, मुदत ठेवींची. कोणाच्याही हाती पैसे देण्याआधी चार गोष्टी मागा: नोंदणी क्रमांक, गेल्या वर्षीचा लेखापरीक्षण अहवाल, ठेवीला विमा आहे की नाही याचे लेखी उत्तर, आणि शिक्क्याची पावती. मागताना संकोच वाटू देऊ नका. प्रामाणिक माणूस या प्रश्नांनी रागावत नाही. कपडे पाहून खुर्ची द्यायला हरकत नाही, ठेव द्यावी ती कागद पाहून.