राहणारे आणि आठवणारे

वडिलोपार्जित घर दुरुस्तीस काढले म्हणजे गवंड्याच्या आधी एक प्रश्न दारात येऊन उभा राहतो: हे घर कोणाचे? कायद्याचे उत्तर सोपे आहे. मालमत्तापत्रकावर ज्यांची नावे, त्यांचे. आणि हिंदू उत्तराधिकार कायद्यात 2005 साली झालेल्या दुरुस्तीनंतर सासरी गेलेल्या बहिणींचेही. परंतु घरावर हिस्सा असणे निराळे आणि त्या घराने कसे असावे याविषयी मत देण्याचा अधिकार असणे निराळे. पोटासाठी परप्रांतांत पांगलेल्या आम्हां नोकरदारांच्या मनात या दोहोंची नेहमी गल्लत होते, म्हणून हा विषय येथे मांडावासा वाटला.

आमचा वाडा वाईस आहे. तेथे थोरले बंधू, वहिनी, पुतण्या आणि मातोश्री राहतात; आम्ही दिल्लीस, एक चुलतबंधू भिलाईस, दुसरे हैदराबादेस, बहीण बडोद्यास. यंदा पावसाळ्यापूर्वी तळमजला आणि परसू दुरुस्त करावयाचे बंधूंनी ठरविले व तसे कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर कळविले. उत्तरे त्याच रात्री आली, आणि सर्वांचा आशय एकच होता: जे करायचे ते करा, पण वाडा जसाच्या तसा ठेवा. गंमत अशी की हा आग्रह धरणाऱ्यांपैकी त्या वाड्यात वर्षाकाठी दहा दिवसांहून अधिक कोणीच राहत नाही.

या आग्रहाला केवळ हळवेपणा म्हणून हसण्यात अर्थ नाही. ज्याला दर काही वर्षांनी बदलीचा हुकूम येतो, ज्याला भिंतीत खिळा ठोकतानाही ही भिंत सरकारची आहे हे आठवते, त्याला जगात कोठेतरी न बदलणारी एक ओसरी असावीशी वाटते. येथे दिल्लीत सरोजिनीनगर, नेताजीनगर आदी सात सरकारी वसाहती पाडून नव्याने बांधण्याचा निर्णय 2016 साली झाला. ज्यांचे बालपण तेथे गेले त्यांना आता दाखवायला घर नाही, आणि त्यांनी कोणाकडे दाद मागावी असेही काही नाही. मूळ गावचे घर हा अशा माणसाचा शेवटचा पत्ता असतो. त्या पत्त्यावर कोणी हातोडा घातला की छातीत धस्स होणारच.

पण ही ओढ खरी असली तरी तिला किती मान द्यावा? भिलाईच्या बंधूंनी ओसरीच्या घडीव दगडांविषयी, चौकातल्या कारंज्याविषयी आणि माजघरातल्या गार अंधाराविषयी लांबलचक मजकूर लिहिला होता. वहिनींनी त्यांना दोनच ओळींत उत्तर दिले: "भाऊजी, तुम्हाला ओसरी आठवते, कारण तुम्ही ओसरीवर बसत होता. मला उंबरठे आठवतात. स्वयंपाकघरापासून विहिरीपर्यंत पाच आहेत." आम्हांस या उत्तरात सगळा वाद आला असे वाटते. वाड्याची आखणीच अशी असते की त्याचे सुख एकीकडे आणि त्याचे कष्ट दुसरीकडे जावेत. वारा आणि उजेड ओसरीला. धूर आणि काळोख स्वयंपाकघराला. मागील पडवीचा एक कोपरा तर बायकांनी महिन्याचे चार दिवस बाजूला बसण्यासाठीच राखलेला होता. तो कोपरा कोणाच्याही आठवणींच्या यादीत नव्हता. आणि ज्यांना तो आठवत असेल, त्यांनी तो जतन करा म्हणून लिहिले नाही.

याचा अर्थ जुने ते सारे टाकाऊ असा मात्र आम्ही करीत नाही. चुन्याचीच गोष्ट घ्या. वाड्याची जोती काळ्या दगडाची, वरच्या भिंती विटांच्या, आणि गिलावा चुन्याचा. चुना भट्टीत भाजायचा, विरवायचा, वाळूबरोबर घाणीत मळायचा. तो सावकाश, हवेतला कार्बन डायॉक्साइड घेत घेत घट्ट होतो, आणि घट्ट झाल्यावरही भिंतीतली ओल बाहेर जाऊ देतो. आमच्या माजघराला मागच्या पिढीत, टिकाऊ म्हणून, सिमेंटचा गिलावा केलेला आहे. जमिनीतून चढणारी ओल त्याच्यामागे कोंडली, वाट शोधीत वर गेली, आणि जेथे सिमेंट संपते तेथे पुरुषभर उंचीवर भिंतीला लोणा धरला. विटांचा भुगा बोटाने पडतो. वाईच्या पावसात असल्या भिंतीचे काय होते ते सांगावयास नको. तेव्हा सिमेंट खरवडून पुन्हा चुना करावा असे ठरले, आणि ते ठरविताना पूर्वजांची आण कोणाला घालावी लागली नाही. जुन्या माणसांना त्या भिंतीचा स्वभाव ठाऊक होता, एवढे कारण पुरे झाले. जुन्याचा हक्क असा कारण देऊन सिद्ध होत असेल, तर त्याला नाही म्हणणारे आम्ही कोण? चुन्याचे काम जाणणारा गवंडी मिळावयास मात्र दोन महिने लागले, आणि मजुरीही अधिक पडली.

शौचकुपाची गोष्ट अशी साधी नव्हती. ते परसाच्या टोकाला. मातोश्रींनी ऐंशी ओलांडलेली. आषाढात शेवाळलेल्या फरशीवरून छत्री सावरीत जायचे. माजघराला लागूनच ते बांधावे असे बंधूंनी सुचविले. त्यात एक भिंत देवघराशी सामायिक येते. यावर हैदराबादेहून तीव्र हरकत आली, बडोद्याहून सौम्य. श्रद्धेचा प्रश्न असल्यामुळे कोणी कोणाला पटवू शकेना. अखेर ज्यांच्या देव्हाऱ्याविषयी हे चालले होते त्या मातोश्रींनाच पुतण्याने विचारले. त्या म्हणाल्या, "देवाला मी विचारलंय. तुम्ही गवंड्याला विचारा."

आता परसू. मागच्या भिंतीत, विहिरीच्या पलीकडे, एक बुटका दरवाजा आहे. छाती-खांद्याइतका उंच, वर एक आडवा घडीव दगड, बाहेर अरुंद बोळ. या दरवाजाला जुईचा वेल चढवावा आणि शेजारी दगडी बाक ठेवावा, म्हणजे कोपरा मोठा रमणीय होईल, अशी भिलाईची सूचना होती. तो दरवाजा कशासाठी होता? टोपलीच्या संडासाच्या काळी मैला उचलणारी माणसे त्या बोळातून येत, वाकून आत शिरत आणि डोक्यावर टोपली घेऊन वाकूनच बाहेर पडत. घरातल्या कोणाच्या दृष्टीस ती पडू नयेत एवढ्यासाठी ही योजना. पुढचा दिंडीदरवाजा ज्या सुताराने नक्षी घालून घडविला, त्याच घराने मागे हे भगदाड ठेवले; पुढची शोभा या मागच्या सोयीवर उभी होती.

हे सारे फार जुने आहे असे म्हणून सुटका नाही. या लोकांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने बर्वे समिती नेमली ती 1949 साली. मलकानी समिती 1957 ची. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी आपले आयुष्य याच कामी वेचले. तरी कोरड्या संडासांना बंदी करणारा केंद्राचा कायदा यावयास 1993 साल उजाडले, आणि तोही अपुरा पडला म्हणून 2013 साली दुसरा करावा लागला. आमच्यासारख्या कारकुनास समित्या आणि कायदे यांमधले अंतर परिचयाचे आहे. पण या बाबतीत ते चव्वेचाळीस वर्षांचे होते, आणि तेवढी वर्षे कोणीतरी वाकत होते.

मग त्या दरवाजाचे करावे काय? बुजवून टाकावा, तर घराने केलेली गोष्ट घराच्या अंगावरून पुसल्यासारखे होते. वेल चढवावा, तर ती शुद्ध लबाडी. आमचे मत विचारले गेले तेव्हा आम्ही एवढेच लिहिले की या दरवाजाविषयी बोलण्याचा खरा अधिकार ज्यांचा, त्यांपैकी कोणी आपल्या गटावर नाही.

निकाल शेवटी व्यवहाराने लागला. मैल्याची टाकी परसातच राहावयाची आहे, ती उपसणारी गाडी बोळातच उभी राहते, आणि तिची नळी त्याच दरवाजाने आत येते. म्हणजे दरवाजा आजही त्याच कामाचा आहे, आणि गाडीबरोबर येणारे दोघे जण आजही वाकूनच आत शिरतात. वहिनींनी ते अनेकदा पाहिले होते; म्हणून वरचा दगड काढून दरवाजा दीड हात उंच करावा, ही सूचना त्यांची. तो घडीव दगड भिंतीतून निखळला तर वाड्याचे जुनेपण जाईल, असे भिलाईच्या बंधूंचे म्हणणे पडले. बंधूंनी काम थांबविले नाही. दगड उतरवून विहिरीजवळ धुणे धुण्यासाठी बसविला आहे. वहिनी म्हणतात, उंचीला बरा झाला. दरवाजाचे पूर्वीचे एक छायाचित्र असावे, असे भिलाईहून कळविण्यात आले होते. ते काढून पाठविले आहे.