राक्षसाची वाचा

भयपट पाहावेत की पाहू नयेत, हा वाद आपल्या घरांत बहुधा होतच नाही. ते पाहायचे आणि त्यांविषयी चारचौघांत बोलायचे नाही, असा जणू रिवाजच आहे. वाचनालयात नारायण धारपांची कादंबरी हलक्या आवाजात मागणारे वाचक मी पुष्कळ पाहिले आहेत. भीतीची गोडी ही हलकी गोडी, असे आपण धरून चालतो. मला तसे वाटत नाही. चांगला भयपट आपण कोणाला भितो आणि का भितो, हे विचारतो. हा प्रश्न नीतीचा आहे. दोन भाषांच्या शिवेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर तो टाळता येण्यासारखा नाही.

उदाहरण म्हणून मी एकच चित्रपट घेतो. जेम्स व्हेल यांनी दिग्दर्शित केलेला 'फ्रँकेन्स्टाइन' १९३१ साली आला. मृतदेहांचे अवयव जोडून एक शास्त्रज्ञ मानवाकृती घडवतो, तिच्यात प्राण फुंकतो आणि मग तिला अंधारकोठडीत टाकतो. ती भूमिका बोरिस कार्लॉफ यांनी केली. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या भूमिकेपुढे नटाचे नाव नाही, नुसते प्रश्नचिन्ह आहे. कथेतल्या राक्षसालाही नाव नाही. आज लोक त्यालाच 'फ्रँकेन्स्टाइन' म्हणतात. वास्तविक ते त्याच्या निर्मात्याचे नाव. ज्याला निर्मात्याने नाव दिले नाही, त्याला जगाने निर्मात्याचेच नाव चिकटवले. यात एक प्रकारचा न्याय आहे खरा!

पण मला खुपते ते निराळेच. या चित्रपटात राक्षसाला वाचा नाही. तो गुरगुरतो, कण्हतो, हात पसरतो. मेरी शेली यांच्या १८१८ सालच्या मूळ कादंबरीत मात्र तो उत्तम बोलतो. एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून असलेल्या खोपट्यात तो लपून राहतो आणि भिंतीच्या फटीतून त्यांचे बोलणे ऐकत ऐकत भाषा शिकतो. त्या घरात आलेल्या एका परदेशी मुलीला घरची माणसे आपली भाषा शिकवतात. तिच्याबरोबर पलीकडे हाही शिकतो. मग एक दिवस धीर करून घरातल्या आंधळ्या म्हाताऱ्यापुढे जाऊन बसतो. म्हातारा त्याचे बोलणे मायेने ऐकून घेतो. इतक्यात डोळस माणसे घरी येतात आणि त्याला मारून हाकलतात.

सीमाभागातल्या कोणत्या वाचकाला ही भिंतीची फट ओळखीची वाटणार नाही? शेजारची भाषा आपल्यापैकी किती जण शाळेत शिकले? मी कन्नड शिकलो ते सामाईक भिंतीपलीकडची भांडणे, पाळणे आणि बाजारहाटाचे हिशेब ऐकत. शेजारच्यांच्या तोंडी आमची मराठी बसली तीही तशीच. भाषा आली की माणूस कळतोच असे नाही. पण ती आली नाही, तर त्याच्या जागी काहीही कल्पून घेता येते.

चित्रपटाने राक्षसाची भाषा काढून घेतली आणि त्या जागी एक कारण ठेवले. शास्त्रज्ञाचा मदतनीस चुकून विकृत मेंदूची बरणी उचलून आणतो. म्हणजे तो मुळातच वाईट, विषय संपला! कादंबरीतला राक्षस सांगतो की एकटेपणाने मला असे केले. बोलणाऱ्याजवळ इतिहास असतो. न बोलणाऱ्याला आपण 'जात्याच तसा' म्हणून मोकळे होतो.

याच चित्रपटातली आणखी एक हकीकत बोलकी आहे. तळ्याकाठी मारिया नावाची चिमुरडी राक्षसाला भेटते. ती भीत नाही. दोघे पाण्यात फुले सोडतात; ती तरंगतात. फुले संपतात, तेव्हा हीसुद्धा तरंगेल या समजुतीने तो तिला पाण्यात टाकतो आणि ती बुडताच भांबावून जातो. सेन्सॉरच्या कात्रीने हा भाग उडाला. राक्षसाने मुलीकडे हात नेला, एवढ्यावर दृश्य तुटे. पुढे दिसे तो मृत मुलीला हातांवर घेऊन गावातून चालणारा बाप. मधल्या रिकाम्या जागेत प्रेक्षकांनी काय भरले असेल, ते सांगायला नको. क्रूरता झाकण्यासाठी केलेल्या कापाकापीने तो अधिक क्रूर ठरला. तुटलेला भाग १९८० च्या दशकात परत जोडला गेला. तोवर अर्धे शतक उलटले होते. अर्धवट बातमीवर पेटलेला गाव ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मूल तर गेलेच ना? कादंबरीतला राक्षस तर समजून उमजून खून करतो, लहान मुलाचाही. त्याची कैफियत ऐकली म्हणून त्या बापाचे दुःख कमी होते का? नाही होत. ऐकून घेणे म्हणजे निर्दोष सोडणे नव्हे. शिक्षा देण्याआधीही आपण आरोपीला बोलू देतो, ते त्याच्यावर उपकार म्हणून नव्हे; न ऐकता दिलेली शिक्षा हा सूडच होतो म्हणून. मशाली घेऊन पवनचक्की पेटवणाऱ्या जमावाला मुलीसाठी न्याय हवा होता, हे खरे. पण ती कशी बुडाली, हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

व्हेल यांनीच १९३५ साली 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन' काढला. त्यात एक आंधळा संन्यस्त म्हातारा राक्षसाला मोजके शब्द शिकवतो: पाव, मित्र, चांगले, वाईट. राक्षसाने बोलावे हे खुद्द कार्लॉफ यांना पसंत नव्हते. मुकेपणात त्याची करुणा अधिक, हे त्यांचे म्हणणे नटाच्या दृष्टीने चुकीचे नसेल. तरीही शेवट पाहावा. त्याच्यासाठी घडवलेली वधूही त्याला पाहून किंचाळते. सारे उद्ध्वस्त करण्याचा दांडा हाताशी असताना तो शास्त्रज्ञाला आणि त्याच्या पत्नीला मात्र जायला सांगतो. पहिल्या चित्रपटात हा राक्षस मारतो आणि जळतो. दुसऱ्यात, शब्द आल्यावर, तो कोणाला जगू द्यायचे ते ठरवतो.

आपल्याकडे 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' म्हणतात. पण अंगात आलेल्या भुतालाही जुनी माणसे आधी विचारत, "कोण तू? तुला काय हवे?" भुतावर विश्वास असो वा नसो, त्या विचारण्यातली रीत मला मोलाची वाटते. हे दोन्ही चित्रपट याच क्रमाने पाहावेत; मुले जाणती असतील तर त्यांना शेजारी बसवून. ती मध्येच विचारतील, "हा वाईट आहे का?" उत्तराची घाई करू नये. तळ्याचे दृश्य पुरते होऊ द्यावे.